पिकअपमागे दोन टनांचा राहण्याचा ट्रेलर: घाटात नेण्याआधी पारख कशी करायची?

वेण्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कुणाला सल्ला द्यावा लागू नये.

माझ्याकडे हायलक्स आहे. २.८ लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, २०४ पीएस आणि ५०० न्यूटन मीटर टॉर्क. तिच्यामागे जोडायला राहण्याचा ट्रेलर बांधून घेतलाय. चौघांची झोपायची सोय, छोटा ओटा, संडास-बाथरूम, ९० लिटरची पाण्याची टाकी, मागं सायकलींचा स्टँड. आईचे गुडघे गेलेत. परक्या ठिकाणचे जिने आणि बाथरूम तिला नको वाटतात, आणि गुहागरला व्याडेश्वराला जायचं तिच्या मनात पाच वर्षं आहे. त्यासाठी हा खटाटोप.

परवा पहिल्यांदा जोडून हायवेला काढला, साताऱ्याहून उंब्रजच्या दिशेनं. साठपर्यंत मागं काही आहे असंही वाटेना. सत्तरला एक कंटेनर शेजारून गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. डावीकडं, उजवीकडं, आणि प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा. मी ब्रेक दाबला तर आणखी वाढलं. मग पाय काढून घेतला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. पंचेचाळीसच्या खाली आल्यावर शांत झालं. बाजूला थांबलो तेव्हा हात थरथरत होते. नशीब, आई गाडीत नव्हती.

गुहागरला जायचं म्हणजे पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. त्याआधी गाडीची नीट परीक्षा घ्यायची आहे. ओळखीचे सगळे म्हणतात, एवढी पॉवर आहे, बिनधास्त ने. मला ते पटत नाही. परीक्षा कशी घेऊ?

रहिमतपूरकर

पॉवरची काळजी करू नका. आमचा ट्रॅक्टर ५० एचपीचा, उसाच्या दोन ट्रॉल्या कारखान्यापर्यंत नेतो. तुमच्याकडं चौपट आहे.

टायरगाडी (वाळवा)

दादा, एकच इचारतो. ट्रेलर गाडीमागच्या जोडाच्या गोळ्यावर, म्हंजी बॉलवर, ठिवताना त्याची पुढची दांडी एकट्यानं हातानं उचालली का? उचालली आसंल तर मागं जड हाय, लिहून घ्या.

आमचा जन्म ऊसवाहतुकीत गेला. टायरगाडी भरताना मोळ्या टाकत जायचं आणि मधी मधी एकानं जू उचालून बघायचं. मागं जादा भरली की गाडी उलाळ हुती. जू बैलांच्या मानंवरनं वर उटतंय, गळ्यातल्या सापत्या वडल्या जात्यात, बैलाला पाय रोवता येत न्हाई आणि गाडी रस्ता सोडून हिकडं तिकडं पळती. पुढं जादा भरली तर मानंवर वजन येऊन बैल दबतंय. थोडं पुढं जड, ह्योच हिशेब. तुमचा बैल २०४ एचपीचा आसला तरी मान मानच हाय.

वेण्णाकाठ

काका, एकट्यानं उचलली. आणि सोपी गेली म्हणून मी खूश होतो.

लायनर_आणि_ड्रम (कराड)

वाळव्याच्या काकांनी रोग बरोबर ओळखलाय. माझं गॅरेज आहे, ट्रेलरची कामं करतो, म्हणून पुढचं लिहितो.

बॉलवर ट्रेलरचा जो उभा भार पडतो त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवायचा प्रघात आहे. युरोपात कमी ठेवतात, पण तिथले कॅराव्हॅन हलके असतात आणि वेगमर्यादाही कमी. दोन टनांच्या ट्रेलरला आपल्या रस्त्यांवर मी १० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. हा भार कमी पडला की ट्रेलर आपल्या आखाभोवती घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो, आणि एका ठराविक वेगाच्या वर तो झोला आपोआप विरत नाही, वाढत जातो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. कंटेनरनं फक्त पहिला धक्का दिला.

पाय काढलात ते बरोबर केलंत. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर अशा वेळी कंट्रोलरचा (चालकाजवळ बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डबीचा) हाताचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. गाडीचा ब्रेक दाबला की मागचं वजन पुढं ढकलतं आणि झोला वाढतो. वेग वाढवून सरळ करायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

आता काम सांगतो. उसाच्या पट्ट्यात राहतो आपण, वजनकाटे पावलापावलाला आहेत. तीन पावत्या करा. एक, नुसती गाडी: पुढचा आख वेगळा, मागचा वेगळा. दोन, ट्रेलर जोडून तेच, आणि ट्रेलरची चाकं वेगळी. तीन, ट्रेलर सोडून एकटा. टाकी भरलेली, गॅस, अंथरूण-पांघरूण, सगळं सामान आत. रिकाम्या ट्रेलरची परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

आणि टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलरला जुने टायर मारून देण्याची खोड फार आहे.

मिरजकर_फिनिक्स

मी मूळचा मिरजेचा, आता ॲरिझोनात. इकडं पिकअपमागे भलेमोठे ट्रेलर ओढणं रोजचं आहे, तेव्हा इथली परीक्षा कशी असते ते सांगतो. तुम्हाला त्यातून घेण्यासारखं आहे.

पूर्वी प्रत्येक कंपनी ओढण्याची क्षमता आपल्या मनानं जाहीर करायची. मग जे २८०७ नावाचं एक मानक ठरलं, आणि टोयोटानं ते सगळ्यांच्या आधी स्वीकारलं. त्यातली चढाची परीक्षा आमच्याच राज्यातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. कोलोराडो नदीकाठच्या बुलहेड सिटीपासून वर जाणारा सुमारे १८ किलोमीटरचा सलग चढ. बाहेर किमान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण वेगात चालू, आणि साध्या पिकअपनं ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही. इंजिन तापून दिवा लागला की नापास.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा भाग. १२ टक्के चढावर पूर्ण वजनासह थांबायचं आणि पाच मिनिटांत पाच वेळा जागेवरून उचलायचं. तेच पुन्हा रिव्हर्समध्ये. त्याच उतारावर हँडब्रेकवर गाडी उभी राहिली पाहिजे. शिवाय झोल्याची परीक्षा वेगळी. म्हणजे 'किती ओढते' या एका आकड्यामागं उचलणं, थांबणं, तापणं आणि सरळ चालणं एवढं सगळं दडलेलं असतं.

परदेशी जाहिरातीतला आकडा मात्र धरू नका. हायलक्सला ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३५०० किलो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी फक्त ७५० किलो सांगतात. त्या दोन आकड्यांमधली तफावत बघा, ब्रेकचं महत्त्व कळेल. तुम्ही तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आणि हिचच्या (गाडीमागच्या जोडाच्या) पाटीवर जे छापलंय तेच माना.

बॉलचं मापही तपासा. युरोप-ऑस्ट्रेलियाचा बॉल ५० मिलिमीटर, अमेरिकेचा दोन इंच म्हणजे ५०.८. नजरेला सारखेच दिसतात. मोठ्या मापाचा कप्लर, म्हणजे दांडीच्या टोकाची वाटी, लहान बॉलवर बसतो, आणि खड्ड्यात निसटतो.

घाटउतार (शिरवळ)

मी २२ वर्षं ट्रक चालवला, पुणे-बेंगळुरू. खंबाटकी किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. सगळे चढाचं बोलताय. चढावर गाडी दमली तर काय होतं? थांबते. उतारावर दमली तर?

ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकला डी मध्ये सोडून देऊ नका, हातानं दुसरा-तिसरा गिअर धरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वेग चाळीसला गेला की ठाम दाबायचा, तीसवर आणायचा, पूर्ण सोडायचा. मधल्या वेळात हवा लागून ब्रेक गार होतो. सतत हलका पाय ठेवणाऱ्याचे लायनर जळतात, मी वास घेतलाय.

ब्रेक ऑइल बदललंय का? ऑइल हवेतला ओलावा पितं.

लायनर_आणि_ड्रम

बरोबर. डॉट ३ चं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशांना उकळायला हवं, ओलावा प्यायल्यावर तीच हमी १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पेडल थेट तळाला. दोन वर्षं झाली असतील तर डोळे झाकून बदला.

वेण्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पावत्या आल्या. आकडे जसेच्या तसे देतो.

नुसती गाडी, पूर्ण टाकी आणि मी: पुढं १२३०, मागं १०१०, एकूण २२४० किलो. ट्रेलर एकटा: १९००. बांधणाऱ्यानं तोंडी 'पंधराशेच्या आत' सांगितलं होतं. जोडल्यावर ट्रेलरच्या चाकांवर १८३०. म्हणजे बॉलवर अवघे ७० किलो, चार टक्केसुद्धा नाही.

काकांचं निदान अक्षरशः काट्यावर उतरलं. कारणही सापडलं. पाण्याची टाकी आखाच्या मागं, सायकलींचा स्टँड अगदी शेवटी, आणि आखच मुळात जवळजवळ मध्यावर. दिसायला समतोल, चालायला धोकादायक. राग आला, कारण मी पैसे देताना तीनदा विचारलं होतं.

आता काय हलवू?

लायनर_आणि_ड्रम

बॉलपासून आखापर्यंत अंतर किती?

वेण्णाकाठ

३.६ मीटर.

लायनर_आणि_ड्रम

मग हिशेब सोपा आहे. तरफेचा नियम. टाकी आखामागून काढून आखाच्या पुढं आणा. समजा १.८ मीटर पुढं सरकली, तर ९० गुणिले १.८ भागिले ३.६, म्हणजे बॉलवर ४५ किलो वाढतील. सायकली घरी ठेवा, तिथं अजून पंचवीस-तीस मिळतील. उरलेलं आख सरकवून. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर कापून आख १५ सेंटिमीटर मागं घेतला की जवळजवळ ७५-८० किलो पुढं येतात. वेल्डिंग चॅसीच्या मुख्य चॅनेलवरच, आणि चांगल्या कारागिराकडून.

बॉलजवळ दगड-वाळूची पोती टाकून भागवू नका. वजन वाढवून रोग झाकला जातो, आणि गाडीची वाहण्याची क्षमता आधीच खाल्ली जाते. टंग वेट हे गाडीत बसलेल्या माणसांसारखंच मोजायचं असतं.

यवतेश्वरकर

काम झालं की यवतेश्वर घाटात आणा, आमच्या घरासमोरून जाल. चढ मस्त आहे.

घाटउतार

नको. कासचा रस्ता अरुंद आहे, वळणावर समोरून एसटी आली की ट्रेलरला मागं घेणं जमायला हवं. आधी एखाद्या मोकळ्या मैदानात तासभर रिव्हर्स शिका. स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं. ट्रेलरची शेपटी उजवीकडं हवी तर हात उजवीकडं, डावीकडं हवी तर डावीकडं. थोडंसंच वळवायचं आणि लगेच सोडायचं. कोन जास्त झाला तर हट्ट न करता पुढं घेऊन सरळ करायचं.

वाऱ्याची परीक्षा करायची म्हणून चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं जायचा मोह होईल. तिथं पठारावर वारा गाडीला आडवा ढकलतो. उंच, सपाट भिंतीचा ट्रेलर म्हणजे शीडच. पहिल्याच खेपेला नको.

सई_तासगाव

धागा वाचतेय. एक काळजीचं: ट्रेलर चालू असताना आत कुणाला बसू देऊ नका. आईंना झोपायचं असलं तरी. तिथं ना पट्टा, ना कुणाचं लक्ष.

आणि कागद? ट्रेलरची नोंदणी झालीय का?

वेण्णाकाठ

सईताई, आई पुढच्या सीटवरच. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन धरतात, त्यामुळं त्याची स्वतंत्र नोंदणी करून घेतलीय, एमएच ११ चाच नंबर. विम्यासाठी गाडी आणि ट्रेलर दोन्हींच्या पॉलिसीत ओढण्याचा उल्लेख लेखी मागितलाय.

वेण्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. आख सरकवला, टाकी पुढं घेतली, सायकली घरी.

नव्या पावत्या: ट्रेलर १८६०, त्याच्या चाकांवर १६५०, बॉलवर २१०. म्हणजे ११ टक्के. हिचच्या पाटीवरची मर्यादा याच्या वर आहे, ते पाहून घेतलं. दांडी आता एकट्यानं हलतसुद्धा नाही, जॅकच लागतो.

पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. जोडल्यावर गाडीचा पुढचा आख १२३० वरून ११४० वर आला आणि मागचा १०१० वरून १३१०. म्हणजे २१० किलोचा भार मागच्या आखावर ३०० झाला आणि पुढची चाकं ९० किलोनं हलकी झाली.

लायनर_आणि_ड्रम

बॉल मागच्या आखाच्याही मागं सव्वा-दीड मीटर असतो ना, म्हणून. शेपटीवर दाबलं की डोकं उचलतं. उसाच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं चढावर उचललेली आपण सगळ्यांनी पाहिलीत, तोच प्रकार. ९० किलो चालतील. जास्त असतं तर स्प्रिंगच्या पट्ट्यांचा वजन वाटणारा हिच लावावा लागला असता. हेडलाइट मात्र खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यात जात असतील.

वेण्णाकाठ

झालं, केलं. आता परीक्षेचं सांगतो.

पहिल्या दिवशी सपाटीवर, पहाटे. ताशी चाळीसला असताना फक्त ट्रेलरचा खटका दाबला. मागून कुणीतरी धरून ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, चाकं मात्र घासायला नकोत. मला वाटलं, जमलं. नंतर साठ, सत्तर. कंटेनर गेला, ट्रेलर एकदा हलला आणि जागेवर आला. त्या क्षणी टायरगाडी काकांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी खंबाटकी. शिरवळपर्यंत जाऊन परत साताऱ्याकडं येताना चढलो. मुद्दाम दुपारी, एसी चालू ठेवून, मिरजकरांनी सांगितलं तसं. इंजिनचा काटा मध्यावरून हलला नाही. घरी कागदावर मांडून पाहिलं: कुटुंब आणि सामान धरून सगळं मिळून ४३५० किलो, सहा टक्के चढ आणि ताशी ४० चा वेग धरला तर साधारण ५० हॉर्सपॉवर पुरतात. म्हणजे रहिमतपूरकर ट्रॅक्टरचं बोलले ते ओढण्यापुरतं खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी पसरणी. वाईहून सकाळी सहाला चढून पाचगणीला चहा, मग खरी परीक्षा. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत पावणेसहाशे-सहाशे मीटरचा फरक आहे. तेवढ्या उंचीवरून ४३५० किलो खाली आणताना जी ऊर्जा सोडावी लागते, तिच्यात सुमारे ७० लिटर थंड पाणी उकळीला येईल. हा बंब इंजिनानं, वाऱ्यानं आणि ब्रेकनं मिळून सोसायचा असतो. हा आकडा पाहिल्यावर मी रात्रभर नीट झोपलो नाही.

कुटुंब घरी होतं, त्यांच्या वजनाची पाण्याची कॅन भरून मागच्या सीटवर बांधली होती. दुसरा गिअर हातानं धरला. तरी दत्तमंदिराच्या अलीकडं थांबून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला तर गाडीच्या पुढच्या डिस्क २१० अंश आणि ट्रेलरचे ड्रम ६०. म्हणजे ट्रेलर फुकट बसून आला होता, सगळं काम गाडीनं केलं. सपाटीवर 'जमलं' वाटलेलं ते जमलेलं नव्हतं.

अर्धा तास गार होऊ दिलं. कंट्रोलरचा जोर वाढवला, सपाटीवर पुन्हा तपासला, आणि परत चढून उतरलो. या वेळी डिस्क १५०, ड्रम १२०.

घाटउतार

हा आकडा मला आवडला. आमच्या वेळी हाताचा पंजा चाकाजवळ नेऊन बघायचो. थांबलात तेव्हा हँडब्रेक लावला होता का?

वेण्णाकाठ

नाही. ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि गाडी पार्किंगला टाकली.

घाटउतार

उत्तम. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक आवळून ठेवू नये. ठोकळे कायम हाताशी ठेवा, आणि ट्रेलर सोडायच्या आधी ते लागले पाहिजेत, नंतर नाही.

मिरजकर_फिनिक्स

साखळ्यांचं विसरू नका. दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना ओलांडून. कप्लर निसटला तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते. आणि ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवेची दोरी साखळीला न बांधता गाडीच्या चॅसीला स्वतंत्र बांधा. ट्रेलरमधली तिची बॅटरी महिन्यातून एकदा तपासा.

चढावर जागेवरून उचलायची परीक्षा घेतलीत का?

वेण्णाकाठ

पुढं पाच वेळा घेतली, शेताकडच्या चढावर. रिव्हर्समध्ये तीनदा घेतली आणि गिअरबॉक्स तापल्याची शंका आली म्हणून थांबलो. ते पुन्हा करायचंय. तोवर कुंभार्लीचा बेत पुढं ढकललाय. आईला सांगितलं, ती म्हणाली श्रावणात गर्दी असते, नंतरच जाऊ.

टायरगाडी (वाळवा)

पावसात नगाच जाऊ. कुंभार्लीत धुकं असं की बैलाची शिंगं दिसत न्हाईत. दिवाळीनंतर जावा.

सई_तासगाव

माझा प्रश्न विचारूनच टाकते. आमच्याकडं बोलेरो पिकअप आहे, आणि द्राक्षाच्या क्रेटसाठी एका आखाचा छोटा ट्रेलर. ब्रेक नाहीत. मणेराजुरीहून तासगावपर्यंतच नेतो. भरताना मजूर मागच्या दारातून भरतात, त्यामुळं मागंच ढीग होतो. आजवर काही झालं नाही, पण हे सगळं वाचून आता भीती वाटतेय.

लायनर_आणि_ड्रम

सईताई, तीन गोष्टी. भरलेल्या ट्रेलरचं वजन आणि पुस्तिकेतली मर्यादा ताडून बघा. जास्त असेल तर ब्रेक बसवल्याशिवाय नेऊ नका. क्रेट पुढच्या भिंतीपासून रचायला सांगा, खालचा थर आधी पूर्ण करून. आणि टंग वेट मोजायला काटाही लागत नाही. घरातला वजनाचा काटा विटांवर ठेवा, ट्रेलर सपाटीवर, चाकांना ठोकळे, आणि दांडीचं टोक जॅकऐवजी त्या काट्यावर टेकवा. दांडी बॉलच्या उंचीला आली पाहिजे. साध्या काट्याची मर्यादा सव्वाशे-दीडशे किलोच असते, तेवढं सांभाळा.

सई_तासगाव

मोजलं. भरलेला ट्रेलर ७८० किलो, दांडीवर २५. क्रेट उतरवून पुन्हा पुढून रचले तर ८५ आलं. एवढाच फरक, रचायच्या पद्धतीचा! उद्यापासून भरताना मी स्वतः उभी राहणार. ब्रेकचं काम तुमच्याकडं कराडला घेऊन आले तर चालेल का? छाटणीच्या आधी होईल ना?

लायनर_आणि_ड्रम

या. रिकामा आणू नका, भरून आणा. क्रेटमध्ये माती भरली तरी चालेल.